खोली शंभर मीटर

खरं प्रेम समुद्राच्या तळासारखं असतं... शांत, गहिरं, अथांग. जळकोटात समुद्र नाही आणि तळ्याचा तळ मार्चमध्येच उघडा पडतो, त्यामुळे हे विधान इथं कुणी तपासून बघितलेलं नाही.

अक्षरा आपला बायोडेटा छापायला मुकुलच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरली, तेव्हा परतीचा पाऊस पत्र्यावर वाजत होता. रविवारी सोलापूरचं स्थळ बघायला येणार होतं. मुकुल मात्र पाणबुडीत होता. युद्धाच्या एका गेमच्या फायली एडिटरमध्ये उघडून तो खलाशांची इंग्रजी वाक्यं काढायचा नि मराठी घालायचा. गेम त्या मराठीचे नुसते चौकोन दाखवत होता.

"फॉन्ट न्हाय त्यात," ओली ओढणी पिळत ती म्हणाली. नळदुर्गात ती मराठी टायपिंग शिकवायची. असले चौकोन तिच्या ओळखीचे होते.

दुसऱ्या दिवशी तिनं पेनड्राइव्हवर जुना फॉन्ट आणला. बायोडेटात एक चूक राहिलीय, हे निमित्त. मग रोज एक चूक निघू लागली... कधी उंची, कधी मामाचं गाव. दुरुस्तीला पाच मिनिटं लागायची. उरलेला तास दोघं खलाशांना बोलायला शिकवायची, ती खुर्चीवर नि तो स्टुलावर.

"खोली चाळीस," पडद्यावरचं वाचून ती गालात हसली. "चाळीस खोल्या? पाणबुडी हाय का लॉज?"

"पाण्याची खोली हो..."

"मला वाटलं, स्थळ मोठं दिसतंय."

मुकुलचे कान लाल झाले. त्यानं विषय टॉर्पेडोवर नेला.

शनिवारी बायोडेटात एकही चूक सापडेना, आणि ते दोघांनाही आवडलं नाही. मुकुलनं माउस तिच्या हातात दिला आणि प्रिंटरमधला नीट असलेला कागद नीट करायला गेला. पाणबुडी खाली निघाली. साठ... ऐंशी... शंभर मीटरवर खलाशाची खबर पडद्यावर उमटली —

"माझ्याकडं खोली एकच हाय, दुकानामागं. तुमाला चालंल का?"

मग अक्षरानं एडिटर उघडला, त्या ओळीखाली कप्तानाचं उत्तर टाइप केलं, फाइल सेव्ह केली आणि खुर्ची त्याच्याकडं वळवली.

"चालंल. पण बाबांना तुमी सांगायचं. आजच. उद्या पोहे भिजवायचे का न्हाय, ते आईला कळाया पाहिजे."

मुकुल तसाच ओल्या चपलांनी गेला. तिचे वडील बाबूराव, निवृत्त तलाठी, यांनी तासभर पाणबुडीचं सगळं ऐकून घेतलं आणि तू नेव्हीत आहेस का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांना जरा हायसं वाटलं. पोरगी गावातच राहणार होती. सोलापूरला फोन गेला. मार्गशीर्षात लग्न झालं.

त्याच आठवड्यात गेमचा अपडेट आला आणि सगळ्या फायली परत इंग्रजीत गेल्या.