स्केलला उभा माणूस

वणीच्या भक्तनिवासात भूगर्भशास्त्राच्या फील्ड कॅम्पची दुसरी रात्र. जेवणं झाली, लाइट गेली, आणि धनराज सर अंधारातच उद्याच्या सूचना द्यायला लागले. हातोडी, टेप, पाणी. "आणि फोटोत स्केल ठेवायला विसरू नका," एवढं बोलून ते थांबले. भाग्यश्री भिंतीला टेकून बसली होती. सर असे मध्येच थांबले की तिला उगाच धडधडायचं.

"फैजान म्हणून माझा विद्यार्थी आहे, मनमाडचा," सर म्हणाले. "त्याच्या बाबतीत घडलेलं सांगतो."

डिसेंबरातला दुसरा गुरुवार. फैजानचं रिसर्च प्रपोजल रात्री बाराच्या आत अपलोड व्हायला हवं होतं. फेलोशिप मिळाली तर पीएचडी, नाहीतर पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरी, असं घरी ठरून गेलेलं. वर्षभर पायपीट करून त्यानं वणी रस्त्यालगतच्या एका बंद दगडखाणीत डाइक शोधला होता, म्हणजे काळ्या कातळाला चिरत वर गेलेला दुसऱ्या दगडाचा उभा पट्टा. सगळं प्रपोजल त्या पट्ट्याच्या जिवावर. आणि दुपारी प्रपोजल तपासणाऱ्या साधना मॅडमनी त्याचा फोटोच परत केला.

"स्केल कुठाय? हा दगड काडेपेटीएवढा की घराएवढा, वाचणाऱ्यानं काय समजायचं? कुणालातरी शेजारी उभं कर आणि पुन्हा काढ."

पट्टा एवढा रुंद की शेजारी ठेवलेली हातोडी मुंगीसारखी दिसायची. माणूसच हवा. फैजाननं पिंपळगावच्या राजला फोन लावला. मागे टेप धरायलाही तोच आला होता.

"भावा, नुसतं उभं राहायचंय."

"लग्नातबी मला त्यासाठीच बोलावतात," राज म्हणाला. "टेम्पो खाली झाला की निघतो."

फैजान पोचला तेव्हा सूर्य बुडाला होता. खाणीच्या तोंडाशी त्यानं गाडी लावली. आत जेमतेम उजेड. पण राज आधीच येऊन पलीकडे, कातळाशी उभा होता. फैजानला हायसं वाटलं.

"टेम्पो कुठे लावलास रे?"

उत्तर आलं नाही. वाऱ्यात ऐकू गेलं नसेल.

"बरं, डावीकडे सरक. अजून. हां. आता हात वर कर, पट्ट्याची कड दाखव."

हात वर गेला.

उजेड कमी, म्हणून फोन तीन सेकंद स्थिर धरायचा होता. "हलू नको हां." तो हलला नाही.

"झालं. घे हात खाली."

हात वरच.

"राज, मस्करी नको. मला अपलोड करायचंय... घे ना खाली."

वरच.

फैजानला चीड आली. त्याहून जास्त, इथे आता थांबू नये असं वाटलं. "उद्या चहा पाजतो," असं ओरडून तो निघाला. नाशिकपर्यंत त्यानं आरशात एकदाही पाहिलं नाही.

हॉस्टेलवर फोटोखालची ओळ लिहायला बसला. सवयीनं पट्ट्याची रुंदी माणसाच्या उंचीवरून ताडून पाहिली. पट्टा उंचीच्या दीडपट रुंद. राज साडेपाच फुटांचा धरला, तर पट्टा सव्वाआठ फूट. टेपनं भरला होता तेरा. आकडा चुकला तर प्रपोजल तिथेच बाद. त्यानं फोन लावला.

"राज, तुझी उंची किती रे?"

"साडेपाच. का, पोरगी बघितली का माझ्यासाठी?" मग जरा ओशाळून, "आणि सॉरी, भावा. टेम्पो खालीच झाला नाय आज. फोनबी बंद पडलेला. लय वेळ थांबलास का?"

फैजाननं फोटो मोठा केला.

"हॅलो?... फैजान?..."

समोर स्क्रीनवर तो. हात वर. तीन सेकंदांत माणूस थोडातरी हलतो, कडा पुसट होतात. याची एकही कड पुसट नव्हती.

टेप बरोबर असेल तर... तेराला दीडनं भागलं.

पावणेनऊ फूट.

दुसरा फोटो नव्हता. बाराला दहा कमी असताना त्यानं तोच पाठवला.

"मग?" भाग्यश्रीशेजारच्या शुभांगीनं विचारलं.

"प्रपोजल आवडलं. समितीनं एकच शंका काढली. फोटोत उभ्या असलेल्या व्यक्तीची उंची कळवा. तेवढं आलं की फेलोशिप पक्की."

"मग साडेपाच लिहायचं की, सर."

"तेच लिहिणार होता. पण मन खात राहिलं. गेल्या आठवड्यात भर दुपारी राजला टेम्पोसकट घेऊन गेला. त्याच जागी उभं केलं. हात वर करायला लावला. राजनं टाचा उंचावल्या. आणि त्याच्या बोटांच्या बऱ्याच वर... कातळावरच्या जुन्या धुळीत... एक पंजा उमटलेला."

बाहेर कुत्रं भुंकत होतं, ते थांबलं.

"उंची अजून कळवलेली नाही त्यानं. सोमवारी मुदत संपते."

"सर," भाग्यश्रीचा आवाज तिलाच परका वाटला, "जुना असेल ना तो पंजा? खाण चालू होती तेव्हाचा?"

सरांनी आवाज खाली आणला.

"राज टेम्पोच्या टपावर चढला होता. बोट लावून बघितलं त्यानं."

"आणि?"

"ओला होता."