पितळी दिव्यातलं पाणी

रॉबर्टने निर्मळ गावातल्या गॅरेजात आयुष्यभर स्कूटरी दुरुस्त केल्या, पण जीव जडला तो एका म्हाताऱ्या मोटारीवर. गाडी १९१० सालची. पुढून हँडल मारून चालू करायची, समोर दोन पितळी दिवे. नायगावचा मालक म्हणाला, "पोरीच्या लग्नाला ने," तेव्हापासून स्वारी हवेत होती. लेकीला, स्टेफीला, चार वाजता याच गाडीतून स्वतः चर्चला न्यायचं, एवढंच त्याला हवं होतं.

तीन वाजता, चिंचेने लख्ख घासलेला एक दिवा पेटवून बघावा म्हणून त्याने काढून हातात घेतला. खाली कार्बाईडचे खडे, वर पाण्याची टाकी. थेंब पडला की गॅस होतो, तो पेटवायचा. पाणी बायकोने, विनीने, मघाशीच भरलं होतं. धूळ नको म्हणून शटर ओढलेलं, आत अंधार.

त्याने काडी लावली. लसणासारखा वास सुटला, पांढरा उजेड गाडीवर पडला आणि पलीकडच्या भिंतीवर तिची सावली उमटली. त्या सावलीत स्टिअरिंगवर कुणीतरी बसलं होतं... डोक्याला टोपी, दोन्ही हात चाकावर.

सीट रिकामी होती.

दिवा पाठीमागे धरून त्याने मोबाईलचा टॉर्च मारला. नुसती गाडीची सावली. दिवा पुढे घेतला, टोपीवाला हजर!

"विनी, यात पाणी कुठलं घातलंस गं?"

"ओट्यावरच्या बाटलीतलं." मागच्या दारातून आत आलेली विनी भिंत बघून थिजली. "अहो... ते घरात शिंपडायला फादरकडून आणलेलं. साधीच बाटली, माझ्या लक्षातच नाही आलं..."

आशीर्वादाच्या पाण्याने भूत पळायला हवं, दिसायला कशाला लागलं? रॉबर्टचं डोकंच चालेना. पण पोरीच्या जिवाशी खेळ नको.

"शेजारच्या ग्लेनला गाडी काढायला सांग," तो म्हणाला.

विनी धावली. त्याने टाकीची चावी बंद केली, तरी उरल्या गॅसवर ज्योत जळतच राहिली. तेवढ्यात स्टेफी दारातून आत आली. पांढरा गाऊन, डोक्यावर पाठभर जाळी. गाडीपासून चांगली दहा पावलं दूर उभी.

"डॅडी, निघायचं ना?"

तो वळला. दिव्याचा झोत तिच्यावर पडला. तिच्यामागची भिंत कोरी होती, सावलीच नव्हती.

त्याने दिवा गाडीकडे फिरवला. टोपीवाल्याच्या शेजारी आता आणखी एक सावली बसली होती, पाठभर जाळी घेतलेली...

बाहेर ग्लेनचा हॉर्न वाजला. ज्योत फडफडली, विझली.

लेकीला कुठल्या गाडीत बसवावं, हेच रॉबर्टला कळेना.