धवल्यातली रिकामी जागा

ठाकुर्लीत उसाच्या रसाच्या गाड्यावर मी पिशवीतून लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढत होते, तर आधी हार्ड डिस्कच बाहेर आली. मी ती बाजूला ठेवली… नेमकी बर्फाच्या पाण्यात. पुढच्याच क्षणी कोणीतरी ती उचलली.

"अहो! माझी आहे ती."

"कळलं. माझी असती तर अशी भिजवली नसती मी," तो रुमालाने ती पुसत म्हणाला. "काय झालंय हिला?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"समोर दुकान आहे माझं. कॉम्प्युटर रिपेअरिंग. विनीत." एवढं बोलून तो हसला. उजव्या गालावर खळी. मला खळीवाल्या माणसांचा आधी रागच येतो, कारण आपण नक्की काय बोलणार होतो ते विसरायला होतं.

"जुन्या कॉम्प्युटरमधली आहे," मी सांगून टाकलं. "दुसऱ्याला लावली की दिसते, पण आतलं काहीच उघडत नाही. आमच्या बाळकुमच्या दुकानदाराने सांगितलं, फॉरमॅट मारा."

त्याचं हसू गेलं. "मारलंत?"

"नाही."

"वाचलात. चला, रस संपवा आणि या."

दुकानात मी त्याला सगळं सांगितलं. माझी जाईआत्या धवलारीण होती. आमच्या कोळ्यांच्या लग्नांत हळदीला धवलारीण धवले गाते, आणि तिच्या गाण्यावरच एकेक विधी होतो. आई लवकर गेली, तेव्हा मला आणि माझ्या मोठ्या बहिणीला, दक्षताला, आत्यानेच वाढवलं. शाळेत असताना मी तिचे धवले मोबाइलवर रेकॉर्ड करून त्या कॉम्प्युटरमध्ये ठेवायचे. आता आत्या नाही. आणि दक्षताची हळद तोंडावर आलेली.

"ती म्हणते, आत्याच्या आवाजाशिवाय मी पाटावर बसणार नाही. मुकाट्याने हळद लावून घ्यायची असेल तर कोर्टात लग्न करते, म्हणते."

"बहीण डेंजर आहे तुमची."

"मी पण आहे."

"ते दिसलं गाड्यावर," तो म्हणाला आणि डिस्क जोडायला वळला.

आधी पूर्ण डिस्कची कॉपी, मग त्या कॉपीत शोधाशोध, अशी त्याची पद्धत. मूळ डिस्कला उगाच छळायचं नाही म्हणे. चार दिवसांनी त्याचा फोन आला. "फाइल्स आल्या. पण नावं गेली. सगळ्यांना नुसते आकडे आहेत. कुठली आत्या आणि कुठलं कॉलेजचं गॅदरिंग, ते तुम्हालाच ऐकून सांगावं लागेल."

म्हणून मी जायला लागले. संध्याकाळी ऑफिस सुटलं की ठाकुर्ली. एक इअरफोन, दोन टोकं, एक माझ्या कानात, एक त्याच्या. 'अहो-जाहो' कधी सुटलं ते आठवत नाही. बहुतेक मी त्याची भजी खाल्ली त्या दिवशी. आत्याचा पहिला धवला सापडला तेव्हा मी रडले. त्याने पंखा माझ्याकडे वळवला. मला तेव्हाच तो आवडला. उगाच कशाला लपवायचं?

धवले पुष्कळ सापडले. पण आनंद टिकला नाही. धवल्यात नवरा-नवरीचं नाव घ्यावं लागतं, आणि प्रत्येक फाइलमध्ये दुसऱ्याच कोणाची तरी नावं होती.

"मधलं नाव कापून टाकू?" विनीतने विचारलं.

"दुसऱ्या नवरीच्या धवल्यावर बहिणीला हळद लावू? आत्या वरून खाली उतरेल."

अगदी शेवटी एक फाइल निघाली. मागे भांड्यांचा आवाज. आत्या मला शिकवत होती. "हितं पोरीचा नाव घालाचा… हितं नवऱ्याचा. आनि सरावाला खरी नावा घ्यायची नाय गो, ती हलदीलाच." मग ती गायला लागली,

*हलदीचे पाटावर कोन गो बसली…*

आणि थांबली. मी नाव घालावं म्हणून. मी नुसतीच खिदळत होते. पुढची ओळ, *तिची वाट कोन गो बघतंय…*, पुन्हा थांबली. पुन्हा माझं खिदळणं.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. आत्याने जागा मोकळी सोडली होती. नावं मी घालायची होती.

दुसऱ्या दिवशी विनीतने फाइल साफ करून दिली.

"माझं हसणं काढलंस?"

"वेगळं ठेवलंय."

"कशाला?"

"बॅकअप," तो म्हणाला आणि कीबोर्ड पुसायला लागला. कीबोर्ड स्वच्छ होता.

पुढे दोन आठवडे मी घरी आत्याबरोबर गात सराव केला. खरी नावं घ्यायची नव्हती, म्हणून नवरीच्या जागी माझंच नाव घेतलं. आणि नवऱ्याच्या जागी… तोंडात जे येईल ते. रोज एकच यायचं.

हळदीला विनीतला बोलावलं होतं, स्पीकर सांभाळायला. निदान घरी मी तसंच सांगितलं. तो निळा शर्ट घालून मांडवाच्या खांबाशी लॅपटॉप घेऊन उभा. दक्षता पाटावर बसली, आणि स्पीकरमधून आत्या गायली. म्हाताऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

*हलदीचे पाटावर कोन गो बसली…*

"दक्षता बसली," मी माइकवर गायले. आवाज चिरकला नाही. जमलं.

*तिची वाट कोन गो बघतंय…*

"विनीत बघतंय!"

सगळ्या मांडवाच्या माना माझ्याकडे वळल्या. लॅपटॉपवर बोट ठेवून विनीत पुतळ्यासारखा उभा. त्याने तिथेच आत्यालाही थांबवलं.

दक्षताने हळद लागलेला चेहरा माझ्याकडे वळवला. आधी डोळे पुसले, मग कमरेवर हात ठेवला. "हेमाली, माझा नवरा दर्शन. मग हा विनीत कोणाचा?"

सारवासारव करता आली असती. चुकून झालं, घाईत झालं. पण माझं लक्ष खांबाकडे गेलं. तो माझ्याकडेच बघत होता. घाबरलेला, आणि तरी गालावर खळी.

"माझा," मी म्हणाले.

माइक चालूच होता.