रेवणसिद्धच्या कम्प्युटरला दम लागतो

टक्.

दुपारच्या शांततेत एवढाच आवाज झाला. टेबलावरच्या काळ्या डब्यातला पंखा घुर्रघुर्र करता करता थांबला आणि स्क्रीन काळी झाली. दानम्माने घड्याळाकडे पाहिलं.

"अकरा मिनिटं," ती म्हणाली. "काल चौदा होती."

मन्मथअप्पांनी वहीत अकरा लिहून खाली रेघ ओढली. नांदेडच्या एका शाळेत क्लार्क म्हणून निवृत्त झाल्यापासून ते पंचशीला सोनकांबळेच्या खासगी तपासाच्या ऑफिसात बसत. सगळं नीट लिहून ठेवलं की गुन्हेगार आपोआप वहीतून बाहेर येईल, अशी त्यांची श्रद्धा. अजून एकही आला नव्हता.

मंद चालणाऱ्या कम्प्युटरसाठी पंचशीला कधी बसमध्ये बसली नव्हती. पण दानम्मा अप्पांची भाची, आणि ती फोनवर म्हणाली होती, "मामा, घरातलंच कुणीतरी हे करून राहिलंय."

दोन हजार सोळाचा एप्रिल. उदगिरात टँकर अकराव्या दिवशी यायचा, आणि चौकाचौकात लातूरपासून वेगळ्या जिल्ह्याच्या मागणीचे फलक उन्हाने पांढरे पडले होते. बसमधून उतरताना पंचशीला म्हणाली होती, "अप्पा, तुमच्या चष्म्यावर काहीतरी सांडलंय." कपाळावरची विभूती काचेवर उतरली होती. "पाणी नाही, कोरडीच लावतो हल्ली," असं म्हणत अप्पांनी चष्मा धोतराला पुसला होता.

हकिकत थोडक्यात अशी. दानम्माचा नवरा रेवणसिद्ध जिल्हा कृती समितीसाठी मोटारसायकलवरून बेचाळीस गावं फिरला होता. तुमच्या गावाहून लातूर किती लांब, बाळंतिणीला न्यायला किती वेळ लागतो, हे त्याने माणसामाणसाला विचारून मोबाइलवर टेप केलं आणि या कम्प्युटरवर उतरवून ठेवलं. गेल्या श्रावणात, त्रेचाळिसाव्या गावाच्या वाटेवर, ट्रकने त्याला उडवलं. मोबाइलचा चुरा झाला. आता त्याचा आवाज म्हणून जगात जे काही उरलं होतं, ते या डब्यात.

तो आवाज दुसरीकडे उतरवून घ्यायला बसलं की निम्म्यात टक्. दानम्मा याच मशीनवर लोकांचे अर्ज टाईप करून द्यायची, तेही आता होईना. दुरुस्ती करणारा व्यंकटी आज पाच वाजता घरी येऊन सगळं पुसून, कोऱ्या पाटीसारखं करून देणार होता. पुसण्याआधी डबा दुकानात नेऊन आवाज काढून घेतो, असं तो सुचवून थकला. पण मार्चमधल्या एका फेरीनंतर दानम्मा डबा उंबऱ्याबाहेर जाऊ देत नव्हती. एकदा बाहेर गेलेला माणूस परत आला नव्हता, हे तिने सांगितलं नाही. अप्पांनाही ते लिहायचं सुचलं नाही.

"कधीपासून?" पंचशीलाने विचारलं.

फेब्रुवारीपासून. आधी दोन दोन तास चालायचा, मग तास, मग अर्धा. सुरू केला की पहिली पाच मिनिटं झकास. मग अक्षर दाबावं आणि ते उमटेपर्यंत वाट पाहावी.

"हात कोण कोण लावतं?"

दानम्माने आतल्या दाराकडे पाहून आवाज खाली घेतला. दीर वीरभद्र दर रविवारी लातूरहून येतात. ती चहा टाकायला गेली की डब्याला काहीतरी लावतात, ती आली की काढून खिशात घालतात. भाऊ जिवंत असताना जिल्ह्यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. लातूरचे तुकडे पाडायला निघालास, असं ते बोलले होते.

"आज आले की सांगणार हाय," दानम्मा म्हणाली. "पुन्हा पायरी चढू नका म्हणून."

पंचशीला उठून टेबलाशी गेली. ती डब्याभोवती फिरली. डाव्या अंगाला पत्र्यात वाटीएवढी गोल जाळी होती. शेजारी घडी घातलेलं फडकं.

"हे रोज पुसता?"

"रोज संध्याकाळी, बंद केल्यावर. कोरडंच. ओलं फडकं आता कुठलं परवडायला."

पंचशीलाने फडकं खिडकीत नेऊन उलगडलं. सगळं मातकट, एक कोपरा तेवढा पांढुरका. तो तिने नाकाशी नेला आणि घडी होती तशी घातली.

मग ती नुसती खोलीभर बघत राहिली. चौकटीवर विभूतीचे तीन पट्टे, बसवण्णांच्या तसबिरीवर तीन, शिलाई मशीनवर तीन, विजेच्या मीटरवरही तीन. "भाविक घर," अप्पांनी लिहिलं. रेवणसिद्धच्या फोटोची काच मात्र लख्ख होती. पंचशीला त्या फोटोसमोर जरा जास्तच थांबली.

आतल्या दारात सासूबाई शरणम्मा बसल्या होत्या. मांडीवर विभूतीची डबी, शेजारी पाच वर्षांची नात महादेवी. सकाळी दानम्मा कम्प्युटर सुरू करते तेव्हा तुम्ही काय करत असता, असं पंचशीलाने विचारलं. पूजा उरकलेली असते, म्हातारी म्हणाली. सून पोरीची वेणी घालायला मागं अंगणात जाते, आपण इथंच असतो.

"तुम्ही मशीनला हात लावता, आजी?"

"मी कशाला लावू? मला काय कळतंय त्यातलं. रेवणचा डबा हाय तो."

"पूजेला पाणी किती घेता?"

अप्पांनी पेन थांबवून तिच्याकडे पाहिलं. हा काय प्रश्न झाला?

"पयले तांब्या घ्यायची. नळ गेल्यापासून देवापुरती एक पळी. बाकी समदं कोरडंच."

"नळ कधी गेला?"

"शिवरात्रीच्या आधी, महिनाभर."

व्यंकटीचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. तोंडात सुपारी ठेवून तो बोलला. हे मशीन मार्चमध्ये एकदा दुकानात येऊन गेलं होतं. झाकण काढून दिवसभर चालवलं, घोड्यासारखं पळालं. घरी नेलं की पुन्हा तेच.

"साफ केलं होतं?"

"वरनं फुंकर मारली. पंखा काढला न्हाई. फिरत होता की चांगला." मग सुपारी गालात सरकवून त्याने निदान सांगितलं. "व्हायरस हाय, मॅडम. पेनड्राइव्हमधून आलाय. दुसरं काय असणार?"

परत येताना अप्पांनी वही मिटली. वीरभद्रला काय काय विचारायचं याची यादी तयार होती.

चार वाजता वीरभद्र आला. उंच, थकलेला, लातूरच्या धुळीने पांढरा झालेला माणूस. अप्पांची यादी तशीच राहिली. पंचशीलाने फक्त त्याच्या शर्टाच्या खिशाकडे बोट केलं. त्याने मान खाली घालून पेनड्राइव्ह काढून दिला. तिने आपल्या लॅपटॉपला लावून पाहिला आणि परत त्याच्या हातात ठेवला. अप्पांना वाटलं, पुरावाच परत केला बाईंनी.

पाच वाजता व्यंकटी आला. पंचशीलाने त्याच्याकडून पेचकस घेतला आणि सगळ्यांना बसायला सांगितलं.

"दानम्मा, तुम्हाला वाटतं हे भाऊजींनी केलं. व्यंकटीलाही तसंच वाटतं. पण व्हायरस असता तर मशीन दुकानातही रडलं असतं. तिथं ते पळालं. आणि व्हायरस पाच मिनिटं कळ काढत बसत नाही. इथं सुरुवात झकास होते, मग दम लागतो. दुकानात वेगळं काय होतं?"

"झाकण काढलं होतं," अप्पा म्हणाले आणि स्वतःच चकित झाले.

"हो. म्हणजे याला हवा कमी पडते. या जाळीच्या आत एक नळी आहे, नळीच्या टोकाला पंखा. तो बाहेरची हवा ओढून मशीनच्या मेंदूवर सोडतो. हवा अडली की मेंदू तापतो. तापला की जीव वाचवायला स्वतःच काम हळू करतो. तेवढ्याने भागलं नाही की टक्."

"धूळ, म्हणजे," व्यंकटी म्हणाला. "ती तर सगळ्यांच्याच मशीनमध्ये असती."

"तीच तर गंमत. सगळ्यांच्यात असते, आणि दोन-अडीच महिन्यांत कुणाचं मशीन बंद पडत नाही. शिवाय इथली धूळ मातकट. दानम्माच्या फडक्याचा एक कोपरा पांढुरका आहे, आणि त्याला कापराचा वास येतो."

अप्पांचा हात नकळत कपाळाकडे गेला.

"या घरात मीटरलासुद्धा विभूती लागते. पण घरातला मुलगा गेला, त्याच्या फोटोला एक बोटही लागलेलं नाही. आई विसरली असेल? की आईला तो फोटोत आहे असं वाटतच नाही?" पंचशीला पेच फिरवत राहिली. "या जाळीला लावत तर ती पहिल्यापासून असणार. तेव्हा पाणी होतं. ओली विभूती जिथं लावली तिथंच वाळते, संध्याकाळी फडक्याने निघते. नळ गेला, आजीने देवापुरती पळी ठेवली, बाकी कोरडं. कोरडी विभूती उडते. सकाळी अप्पांच्या चष्म्यावर उडाली होती. इथं तर पलीकडे ओढणारा पंखाच आहे. नळ गेला फेब्रुवारीत. मशीन बिघडायला लागलं तेही फेब्रुवारीत."

तिने पत्रा बाजूला केला आणि पंखा हलकेच उचलला. खालच्या बारीक पात्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर राखाडी-पांढरी गादी बसली होती, निगुतीने भरलेल्या उशीसारखी.

व्यंकटीने सुपारी चावायची थांबवली.

"आजी खोटं बोलल्या नाहीत," पंचशीला म्हणाली. "हात लावता का, असं मी विचारलं. लेकराला विभूती लावणं म्हणजे मशीनला हात लावणं नव्हे."

सगळे शरणम्मांकडे वळले. म्हातारीने डबी पदराखाली घेतली होती.

"त्याला कपाळ कुठं हाय," ती हळूच म्हणाली. "सकाळी सून डबा चालू करती तवा तिथं हात धरला की तळवा ओढल्यागत होतंय. श्वास घ्यायला लागतोय तो. म्हणून तिथं लावत होते. आत त्योच बोलतोय की."

दानम्मा खाली बघत होती. मग तिने दिराकडे न पाहता विचारलं, "आणि भाऊजी?"

"त्यांच्या पेनड्राइव्हवर एकच फाईल आहे," पंचशीला म्हणाली. "अर्धवट. रेवणसिद्ध एका गावात बोलतोय, आणि मध्येच तुटतं. दर रविवारी ते भावाचा आवाज न्यायला येत होते. दर रविवारी मशीन बंद पडत होतं."

"मागायचं होतं," दानम्मा म्हणाली.

"कोणत्या तोंडानं मागू, वहिनी," वीरभद्र म्हणाला. एवढंच.

व्यंकटीने रंगाच्या ब्रशने पात्या मोकळ्या केल्या. राख त्याने कागदात धरली, आणि टाकून द्यायचं धाडस न होऊन कागद शरणम्मांपुढे ठेवला. पत्रा बसला. मशीन सुरू झालं. अकरा मिनिटं झाली, तीस झाली. अप्पा लिहीत होते. पेनड्राइव्हवर बेचाळीसच्या बेचाळीस गावं उतरली.

मग दानम्माने एक फाईल लावली. वाऱ्याचा आवाज, कोंबडी, आणि एक हसरा, जरा बसका आवाज. "काकू, इथून लातूर किती लांब?" पलीकडून एक म्हातारी म्हणाली, "पहाटे निघालं की दिवस मावळतो बाबा, काम व्हतंच असं न्हाई." तो हसला. खोलीत वीरभद्र तेवढा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

पंचशीलाने पेचकस व्यंकटीला दिला आणि आजींसमोर उकिडवी बसली. आता इथं विभूती नको, एवढं तिने समजावून सांगितलं. लावली तर पुन्हा बंद पडेल. म्हातारीने मान हलवली. हात पदराखालीच.

"फोटोला लावा की," अप्पा मध्येच म्हणाले. काहीतरी बोलायला हवं म्हणून.

महादेवी आजीजवळून उठली. ती जाळीपाशी गेली, तिने तिथं तळवा धरला, मग वर फोटोकडे पाहिलं आणि पंचशीलाकडे वळली.

"फोटो तर श्वास घेत न्हाई," ती म्हणाली. "मग मावशी, आता आजीनं बाबाला कुठं लावायची?"

अप्पांनी उत्तर लिहायला पेन टेकवलं.