तिशका घाटातलं बर्फ

ट्रक ठरला होता हसनचा, पण शनिवारी पहाटे म्हामिद गावात इट्टोच्या दारात उतरला तो भलताच कुणीतरी. उंच, अंगात पायघोळ तपकिरी जेलाबा, कानामागे पुदिन्याची काडी.

"हसनचा हात मोडलाय. मी इद्दर."

"तुमचे दोन्ही शाबूत आहेत ना?" इट्टोनं संशयानं विचारलं.

"आत्तापर्यंत तरी." त्यानं गाभण शेळीकडे पाहिलं. "हीसुद्धा येणार?"

"आई म्हणते, ही नाही तर मीही नाही."

आई, फाद्मा, गालिच्यांच्या गुंडाळ्या मोजण्यात गुंग होती. नदीचं पाणी गावापर्यंत यायचं थांबलं, खजुराची बाग वाळली आणि मागच्या उन्हाळ्यात बागेमागोमाग इट्टोचे वडीलही गेले. त्या दिवसापासून इट्टोनं नमाज सोडला. ऐकणारं कुणी नाहीच, तर बोलायचं कशाला? आई तिला रागावली नाही. फक्त नमाजाला उभी राहताना क्षणभर थांबायची, शेजारी जागा ठेवून.

आता दूर उत्तरेला, समुद्राकाठच्या लाराशमध्ये इट्टोला शाळेत नोकरी मिळाली होती. सोमवारी सकाळी आठला हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या बाईला जाणार.

आईला गाडी लागते म्हणून खिडकी तिची. इट्टोला मधे बसावं लागलं, गुडघे गिअरच्या दांड्यापासून चोरत.

"जरा तिकडे सरका, मास्तरीणबाई. तिसरा गिअर पडत नाही."

"तिकडे आई आहे."

"मग राहू दे... दुसऱ्यावरच जाऊ."

फाद्मा खिडकीबाहेर बघत गालात हसली.

दुपारी तिशका घाटाच्या पायथ्याशी फाटक बंद होतं. वर बर्फ पडत होतं. "उघडेल तेव्हा उघडेल," पहारेकरी म्हणाला. इट्टोनं बोटांवर तास मोजले, पुन्हा मोजले, आणि चहाच्या टपरीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. घर गेलं, वडील गेले, आता हेही जाणार.

तेवढ्यात इद्दर धावत आला. "शेळी अडलीय."

ट्रकमध्ये ताडपत्रीखाली शेळी कण्हत होती. पिल्लाचा एकच पाय बाहेर आला होता. इद्दरनं हात घालून पाहिला, मान हलवली. "डोकं मागे वळलंय. माझा हात जात नाही. तुझा लहान आहे."

"मी शिकवते, बाळंतपणं नाही करत."

"मागच्या बाकावरच्या पोराला पुढे आणायचं, एवढंच. मी सांगतो तसं कर."

या गडबडीत तो 'तू'वर आला, आणि तिला ते खटकलंही नाही. बाह्या सारून, तेल लावून तिनं हात आत घातला. तोंडून आपोआप बिस्मिल्लाह निघून गेलं. बोटांना ओलं, गरम कपाळ लागलं... निसटलं... पुन्हा लागलं.

"हळू. कळ येईल तेव्हा थांब. आता वळव."

डोकं वळलं. पिल्लू बाहेर आलं ते अगदी निपचित. इद्दर स्वतःच्या जेलाब्यानं ते खसाखसा चोळू लागला. इट्टो गवतावर गुडघे टेकून पुटपुटत होती, "पाणी नेलंस, अब्बांना नेलंस. हे एवढं तरी राहू दे. ऐकतोयस ना?"

आणि ती थबकली. पिल्लू जगेल की नाही, ते अजून ठरायचं होतं. पण आपण कुणाशी तरी बोलतोय, आणि समोर कुणी नाही असं मुळीच वाटत नाहीये, हे तिला लख्ख कळलं. उन्हाळ्यापासून तिनं हाच राग उराशी धरला होता. तो ज्याच्यावर होता, तो नाहीच कसा?

पिल्लू शिंकलं.

इद्दर हसत मागे टेकला. त्याच्या पापण्यांवर बर्फाची भुरभुर होती. इट्टो खाली उतरली, टपरीच्या नळावर तोंड, पाय आणि कोपरांपर्यंत हात धुतले आणि नमाजाला उभ्या असलेल्या आईशेजारच्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली. फाद्मानं वळून पाहिलं नाही, फक्त खांद्याला खांदा लागेल इतकी सरकली.

नंतर इद्दरनं चहाचा पेला पुढे केला. "एवढा वेळ काय मागत होतीस?"

"मागत नव्हते. भांडत होते."

"मग?"

"समेट झाला." ती पेल्यात बघत म्हणाली. "फाटक उघडेल. नाही उघडलं, तरी मी आता मोडून पडणार नाही."

रविवारी दुपारी फाटक उघडलं. घाट ओलांडला, मराकेश मागे पडलं. वाटेत इद्दर थोडा झोपला, तेवढ्यात या मायलेकी त्याच्या भाकऱ्या फस्त करून बसल्या. सोमवारी पावणेआठला गाद्या, गालिचे आणि बें-बें करणारी दोन जनावरं घेऊन ट्रक लाराशच्या शाळेपुढे उभा राहिला. मुलांनी फाटकावर गर्दी केली. मुख्याध्यापिकेनं चष्म्यावरून एकवार ट्रककडे, एकवार इट्टोच्या चुरगळलेल्या कपड्यांकडे पाहिलं आणि हजेरीपट पुढे सरकवला. इट्टोनं ठसठशीत सही ठोकली.

ती बाहेर आली तेव्हा इद्दर ट्रकला टेकून उभा होता. खारा वारा त्याचा जेलाबा उडवत होता.

"सामान उतरवतो. मग निघतो." तो घुटमळला. "पुढच्या शुक्रवारी माझ्या आईला घेऊन येईन म्हणतो... साखरेचे सुळके घेऊन, रीतीप्रमाणे मागणी घालायला. मावशींना चालेल?"

"मावशीचं मावशीला विचार. माझं मला."

त्याचे कान लाल झाले. "तुला चालेल?"

"आणि घाट बंद झाला तर?"

"तर सुळके डोक्यावर घेऊन चालत येईन."

ती ओठ दाबून हसली. "इन्शाअल्लाह."

"हे बघू-नंतर-वालं इन्शाअल्लाह, की..."

"खरंखुरं," इट्टो म्हणाली, त्याच्या डोळ्यांत सरळ बघत. आणि घंटा झाली तशी वळून आपल्या वर्गाकडे निघाली.