जागची न हललेली गाडी

आजोबा गुप्तहेराच्या कचेरीत आले आणि खुर्चीत बसण्याआधीच म्हणाले, की या पंख्याला तेल हवंय. गुप्तहेराने मान डोलावली. अशिलांनी आधी पंखा तपासण्याची ही पहिलीच वेळ होती.

प्रकरण मात्र गंभीर होतं. आजोबांच्या मुलाच्या गाडीचं इंजिन खलास झालं होतं. मुलगा दातांचा डॉक्टर. गाडी घर ते दवाखाना एवढीच जायची, तरी गॅरेजवाला म्हणत होता, की इंजिन आतून टॅक्सीसारखं झिजलंय. पेट्रोलही भलतंच जात होतं. मुलाने निष्कर्ष काढून ठेवला होता: दुपारी गाडी घरी असते आणि बाबा शेडमध्ये खुर्ची टाकून पेंगतात, तेव्हा ड्रायव्हर गाडी भाड्याने फिरवतो आणि मीटर मागे घेतो. संध्याकाळपर्यंत त्याने कबुली दिली नाही, तर पोलिसांत तक्रार जाणार होती.

"ड्रायव्हर पोरगा चोर नाही," आजोबा म्हणाले. "दुपारभर मी गाडीपाशीच असतो. तो गाडी नेत नाही. पण घरात माझं ऐकतो कोण?"

"मग गॅरेजवालाच!" गुप्तहेराचा मेहुणा म्हणाला. हा मेहुणा चार दिवस राहायला म्हणून आला होता आणि सहकारी होऊन बसला होता. "चांगलं इंजिन काढून जुनं बसवलं असणार, भाऊजी."

दोघं गॅरेजमध्ये गेले, तेव्हा गॅरेजवाल्याने तो संशय तिथल्या तिथे मोडीत काढला. इंजिनावरचा नंबर कागदपत्रांशी तंतोतंत जुळत होता आणि मीटरला कुणी हात लावल्याची खूण नव्हती. त्याने काढलेलं ऑइल दाखवलं. ते पाण्यासारखं पातळ होतं आणि त्याला पेट्रोलचा वास येत होता. प्लग काजळीने माखले होते. गुप्तहेर मात्र वाकून टायर बघत बसला. नव्या टायरांवर रबराचे बारीक केस असतात, ते अजून जागोजागी शाबूत होते.

मेहुणा पुरता गोंधळला. टायर म्हणतात गाडी फिरलीच नाही, इंजिन म्हणतं फिरून फिरून दमली. दोघांतलं एक खोटं बोलत असणार, असं त्याचं मत पडलं.

आजोबांच्या घरी शेड म्हणजे चार खांब, वर पत्रा आणि मागे एक भिंत. भिंतीवर गुडघ्याच्या खाली काळा डाग होता. फरशी कोरडी ठणठणीत, पण जिथे गाडीचा पुढचा भाग येई, तिथे शेवाळाचा हिरवा पट्टा धरला होता.

"पत्रा गळतो," मेहुण्याने निदान केलं. पत्र्याला भोक नव्हतं आणि पाऊस पडून कित्येक महिने झाले होते.

ड्रायव्हर पायरीवर बसला होता. दुपारी मी जेवायला घरी जातो, गाडी जागची हलत नाही, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. गुप्तहेराने विचारलं, परत येतोस तेव्हा बॉनेट गार असतं का? त्यावर तो जमिनीकडे बघू लागला. मेहुण्याने गुप्तहेराला कोपराने ढोसलं. त्याच्या लेखी गुन्हेगार सापडला होता.

आजोबांनी पाणी दिलं आणि आपल्या नोकरीचं सांगत बसले. एका मोठ्या इस्पितळाचा जनरेटर त्यांच्या ताब्यात होता. बंद पडून राहिलेलं यंत्र ऐन वेळी दगा देतं, म्हणून ते रोज जनरेटर चालवून बघायचे. तेही लोड देऊन, म्हणजे इस्पितळातले दिवे आणि यंत्रं जोडून, कारण बिनलोडाचा चालवला तर आत काजळी धरते. त्यांच्या पाळीत दिवे कधी गेले नाहीत.

संध्याकाळी मुलगा दवाखान्यातून आला, तेव्हा सगळे दिवाणखान्यात बसले होते.

"गाडी कोण नेतं, हेच सगळे विचारत राहिलात," गुप्तहेर म्हणाला. "म्हणून सगळे खरं बोलले आणि कुणालाच काही कळलं नाही. गाडी कुणीच नेत नव्हतं. ती शेडमध्ये उभी राहून तासन् तास चालू असायची."

मग त्याने एकेक गोष्ट उलगडली. टायर झिजले नाहीत, कारण चाकं फिरली नाहीत. भिंतीवरचा डाग सायलेन्सरच्या धुराचा. शेवाळ एसीच्या ठिबकणाऱ्या पाण्याचं. गाडी उभ्याने चालू ठेवली की इंजिन नीट तापत नाही. अर्धवट जळालेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि आतले भाग एकमेकांना घासत राहतात. मीटर मात्र ढिम्म हलत नाही.

"आणि एसी लावला होता लोड म्हणून. हो ना, आजोबा?"

आजोबांचा चेहरा उतरला. "मी तिची काळजी घेत होतो," ते म्हणाले. "एसी, दिवे, सगळं लावायचो."

"जनरेटरला अख्ख्या इस्पितळाचं ओझं असायचं. गाडीला एसीचं ओझं म्हणजे काहीच नाही."

मुलगा ड्रायव्हरकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"बॉनेट रोज गरम लागायचं."

"मग चोर ठरेपर्यंत गप्प का बसलास?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आजोबांना गाडीला हात लावू दिला नसता," ड्रायव्हर म्हणाला. "मला चालवायला दुसरी गाडी मिळाली असती, साहेब. त्यांना दुसरं काय आहे?"

मेहुण्याचे डोळे भरून आले. आजोबांचे नाही. ते संतापले होते.

"मला सांगायचंस," ते म्हणाले. "उभा जन्म यंत्रं जगवण्यात गेला माझा. मी एक इंजिन मारत होतो आणि तू माझं मन राखत बसलास?"

मुलाने ड्रायव्हरकडे बघून कशीबशी माफी मागितली. ती ऐकून तो आणखीच अवघडला.

आजोबा गुप्तहेराला म्हणाले, "मग उभ्या गाडीचं करायचं काय?"

"चार-आठ दिवसांनी चांगली लांबवर फिरवून आणायची."

आजोबांनी थोडा विचार केला. मग ड्रायव्हरकडे न बघताच बोलले, "नवं इंजिन बसलं की दुपारी जेवून लवकर येत जा. तू चालव. मी शेजारी बसून आवाज ऐकतो. आणि काही बिघडलं तर तोंडावर सांगायचं."

ड्रायव्हरने मुलाकडे पाहिलं.

"मला काय विचारतोस," मुलगा म्हणाला. "त्यांना विचार."