जागता पट्टा

गुरुवारची दुपार होती. चंद्रपूरचं ऊन काचांना टेकून उभं होतं, म्हणून बाबाने जाड पडदे ओढले होते आणि खोलीत दीर्घिका (अब्जावधी ताऱ्यांचा समूह) लावली होती. पलंगापासून पंख्यापर्यंत प्रकाशाचे ठिपके तरंगत होते. सायलीआत्या ताकाचे पेले घेऊन त्यांच्यातून चालत आली, तेव्हा तिच्या खांद्याआड दोन सूर्य मावळले आणि पुन्हा उगवले.

"तन्म्या, काऊन रे, अजून टिकल्याच लावत बसलास?" ती म्हणाली.

"तू जंगलातली झाडं मोजतेस, त्यात काय मोठी मर्दुमकी आहे?" बाबा म्हणाला. "झाडं कुठे पळून जाणार आहेत?"

आत्या वनशास्त्रज्ञ होती. बाबा घरूनच 'दूरयात्रा' नावाच्या अंतराळखेळासाठी खोट्या दीर्घिकांचे नकाशे काढायचा. त्याच्या मदतीला 'रेखा' ही नकाशाप्रणाली (नकाशे काढणारं आणि बोलणारं सॉफ्टवेअर) होती. तिला एक बीजांक दिला (ज्यातून संगणक अख्खी दीर्घिका उगवतो असा एक आकडा), की ती क्षणात लाखो तारे पसरायची. तोच बीजांक पुन्हा दिला, तर तीच दीर्घिका पुन्हा उगवायची. एक ताराही इकडचा तिकडे नाही.

"मग तू मधे मधे यंत्राचे तारे पुसून हाताने का टाकतोस?" शलाकाने विचारलं. ती सातवीत होती आणि बाबाला अरे-तुरे करायची.

"हौस म्हणून. यंत्राचे कोणते, माझे कोणते, ते ओळखून दाखव बरं."

तिने एका ताऱ्याकडे बोट दाखवलं. चुकलं. दुसऱ्याकडे दाखवलं, तेही चुकलं. बाबा खुर्चीत मागे रेलून खूश होऊन हसला. "आहे की नाही? अगदी यंत्रासारखा हात आहे माझा!" मग तिघांनी ताक प्यायलं, आणि मीठ कमी आहे यावरून बहीणभाऊ बराच वेळ भांडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठला नाही. झोपेतच त्याचं हृदय थांबलं होतं.

उन्हाळा सरला. शाळा सुरू झाली. चंद्रावरच्या वसाहतीतले शिक्षक पूर्वीसारखेच पडद्यावर येऊन शिकवू लागले. त्यांच्यापैकी एकांनी वडिलांबद्दल विचारलं, तेव्हा शलाका म्हणाली, "ते कामात आहेत." आत्या 'तन्मय गेल्यापासून' असं म्हणायची. शलाका 'तेव्हापासून' एवढंच म्हणायची. पुढचं वाक्य तिने एकदाही उच्चारलं नव्हतं.

मग खेळाच्या कचेरीतून इराचा फोन आला. ती तिथे नवीनच लागली होती.

"तन्मय सर आहेत का? नाही? बरं, निरोप सांगशील? खेळाची दीर्घिका जुनी झालीये. आम्ही नवा बीजांक घालतोय, म्हणजे जुने तारे सगळे जाणार. सरांनी हाताने टाकलेले मात्र आम्ही नव्या नकाशात हलवू शकतो. फक्त ते कोणते, हे शनिवारपर्यंत कळवायला सांग."

"सांगते," शलाका म्हणाली.

फोन ठेवताच तिने पडदे ओढले. "रेखा, बाबाने टाकलेले तारे दाखव."

"तशी नोंद नाही, आणि जुना बीजांकही जपलेला नाही," रेखा म्हणाली. "सर्व तारे सारखेच आहेत."

कोणते ते ओळखलं नाही, तर शनिवारनंतर बाबाचे तारेही बाकीच्यांबरोबर पुसले जाणार होते.

त्याच दिवशी खेळाडूंच्या गप्पांत तिने एक विचित्र गोष्ट वाचली. दीर्घिकेच्या तिसऱ्या भुजेत (मध्यापासून वळत निघालेल्या ताऱ्यांच्या फाट्यात) एक पट्टा होता. तिथे ना राक्षस होते, ना सापळे. तरीही लोक तिथून यान परत फिरवायचे. 'तिथे कुणीतरी जागं आहे,' एकाने लिहिलं होतं. दुसऱ्याने लिहिलं होतं, 'मी यानाचे दिवे विझवून बसलो. का, ते विचारू नका.' सगळे त्याला जागता पट्टा म्हणू लागले होते.

शलाकाने आपलं यान तिकडे वळवलं.

आधी नेहमीचं आकाश होतं. कुठे ताऱ्यांची गिचमीड, कुठे नुसता अंधार. मग हळूहळू अंधाराची ती मोठी भोकं संपली. गिचमीडही संपली. तिने यान डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. जिकडे पाहावं तिकडे तारे आपापलं अंतर राखून उभे होते. मुकाट्याने बसलेल्या सभेत आपण उशिरा शिरावं आणि सगळ्यांनी माना वळवाव्यात, तसं तिला वाटलं. तिने ओरडून दीर्घिका विझवायला सांगितली.

आत्या धावत आली. शलाकाने सगळं सांगितलं. आत्याने हसण्यावारी नेलं नाही. ती थोडा वेळ रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली, मग स्वयंपाकघरातून ज्वारीचा डबा घेऊन आली. फरशीवर काळी चादर अंथरली आणि मूठभर ज्वारी डोळे मिटून उधळली.

"हे झालं यादृच्छिक (नशिबावर सोडलेलं, कुणी न ठरवलेलं). आता शेजारी तू दाणे ठेव. एकेक करून, पण कसेही हां. अगदी नशिबाने पडल्यासारखे."

शलाकाने मन लावून दाणे ठेवले.

"आता बघ."

आत्याच्या बाजूला चार दाणे एकमेकांना चिकटले होते, एका कोपऱ्यात सात-आठांचा घोळका होता आणि मधे हातभर जागा मोकळी होती. शलाकाचे दाणे मात्र सगळीकडे नीट पसरले होते.

"उलटंच झालं की!" शलाका म्हणाली. "तुझेच मुद्दाम ठेवल्यासारखे दिसतायत."

"सगळे इथेच फसतात. नशीब म्हणजे समान वाटप, असं आपल्याला वाटतं. पण पडणाऱ्या दाण्याला आधीचा दाणा कुठे आहे, हे माहीतच नसतं. म्हणून तो कधी त्याच्याच उरावर पडतो, कधी कोसभर लांब. घोळके आणि भोकं नशिबानेच होतात. खऱ्या आकाशात गुरुत्वाकर्षणही ताऱ्यांना एकत्र ओढतं, पण ते सोड. रेखाकडे फक्त नशीब आहे."

"आणि माझा हात?"

"तुझ्या हाताला दिसतं ना! दाणा ठेवताना तो म्हणतो, इथे आधीच एक आहे, जरा सरकून घेऊ. मी उपग्रहाच्या चित्रात जंगल बघते तेव्हा लावलेलं सागवान लगेच कळतं. उगवलेलं रान कुणाला जागा करून देत नाही. लावणारा देतो."

शलाका चादरीकडे बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, "म्हणजे एकेक तारा बघून ओळखताच येणार नाही. शेजारी बघायला हवेत."

"आता बोललीस!"

"रेखा," शलाका म्हणाली, "प्रत्येक ताऱ्याचा सगळ्यांत जवळचा शेजारी शोध. अंतर कमी असेल तर ताऱ्याला लाल कर, जास्त असेल तर निळं, मधलं असेल तर पिवळं."

खोली रंगांनी भरली. लाल-निळ्या-पिवळ्याची नुसती खिचडी झाली होती. पंख्याजवळ, कपाटावर, आत्याच्या केसांत. फक्त खिडकीपाशी, तिसऱ्या भुजेत, एक लांब पट्टा सलग पिवळा झाला. त्यात एकही लाल ठिपका नव्हता.

पडदा वाऱ्याने हलला की नुसताच हलला, कोण जाणे.

"म्हणजे लोकांना भास होत नव्हता," शलाका कुजबुजली. "तिथे खरंच कुणीतरी होतं."

"डोळ्यांना मोजता येत नाही, पण कळतं," आत्या म्हणाली. "मोठा आला यंत्रासारखा हातवाला!" आणि तिने तोंड फिरवून नाक पुसलं.

शलाका पट्ट्याच्या कडेने चालत गेली. एका टोकाला तो हळूहळू विरत गेला होता. दुसऱ्या टोकाला मात्र एकदम मधेच तुटला होता. शेवटचे काही पिवळे तारे, आणि त्यांच्यापुढे हाताने लावलेलं काहीच नाही. हात कुठे थांबला, ते स्पष्ट दिसत होतं.

शनिवारी इरा पडद्यावर आली. रंगवलेला नकाशा बघून तिने डोळे विस्फारले. "जागता पट्टा सरांचा? आणि आम्ही त्याला बिघाड समजून तपासत बसलो होतो! कसं शोधलंत?"

शलाकाने तिला ज्वारी, सागवान, शेजाऱ्यांची अंतरं, सगळं समजावून सांगितलं. इरा भराभर लिहून घेत होती.

"हे तारे सगळे हलवते. एकही जाणार नाही," ती म्हणाली. "पण हा पट्टा मधेच का तुटलाय? सर पूर्ण करणार आहेत ना? तसं असेल तर नव्या नकाशात पुढची जागा मोकळी ठेवते. त्यांना जरा बोलावतेस?"

आत्या दारातच थबकली. "मी बोलू का गं?" तिने हळूच विचारलं.

शलाकाने मानेनेच नको म्हटलं. कामात आहेत, हे शब्द तिच्या जिभेवर तयार होते. तसं म्हटलं असतं तर ती जागा कुणाची तरी वाट बघत तशीच राहिली असती. खोलीत पिवळे तारे आपापलं अंतर राखून स्तब्ध उभे होते.

"जागा ठेव, इराताई," ती म्हणाली. "पुढचे तारे मी लावणार आहे. मला येतं."

"आणि सर?"

"बाबा नाही लावणार." तिने श्वास घेतला. "माझा बाबा वारला."